एका झाडाला मंडळ, दुसऱ्याला कोठडी

बसवनगुडी हा बंगळूरचा जुना, सोवळ्यातला भाग. १८९८च्या प्लेगच्या धसक्यातून, मल्लेश्वरमबरोबरच, मोकळ्या हवेसाठी ही वस्ती आखली गेली. एका दगडातला प्रचंड नंदी, कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी त्याच्यापुढे भरणारी भुईमुगाच्या शेंगांची जत्रा, गांधी बाजारातली फुलं, १९४३ सालच्या विद्यार्थी भवनातल्या डोशासाठीची रांग, हे सगळं प्रवासवर्णनांतून येऊन गेलेलं आहे. मराठी माणसाने मुद्दाम पाहावी अशी एक जागा मात्र सहसा कोणी दाखवत नाही. बुल टेंपल रोडवरची गोखले सार्वजनिक विचार संस्था. कन्नड लेखक डी. व्ही. गुंडप्पा यांनी १९४५ साली ती नामदार गोखल्यांच्या नावाने काढली. सार्वजनिक प्रश्नावर तोंड उघडण्याआधी आकडे आणि कायदा वाचावा, ही गोखल्यांची शिस्त. या लेखाच्या विषयाला तिची फार गरज आहे, कारण त्यावर बोलणारे बहुतेक जण आधीच कुठल्या तरी बाजूला जाऊन बसलेले असतात.

बंगळुरात पानपट्टीचं काम ज्या छोट्या दुकानांत होतं त्यांना ‘कॉन्डिमेंट्स’ म्हणतात. केळी, बिस्किटं, चहा, च्युइंगगम आणि सिगरेट. सुट्या सिगरेटी विकायला कर्नाटकाने २०१७ साली बंदी केली, महाराष्ट्राने २०२० साली. दोन्हीकडे गिऱ्हाईक अजूनही एकच मागतं आणि त्याला एकच मिळते. त्याच फळीवर अलीकडे सिगरेट वळायचे कोरे कागदही दिसतात. कागद कायदेशीर, त्यात भरायची तंबाखू कायदेशीर. त्याच तंबाखूत चिमूटभर गांजा मिसळला की तो गुन्हा. आपल्याकडे चिलमीत काय किंवा कागदात काय, गांजा बहुधा तंबाखूत मिसळूनच ओढला जातो. त्यामुळे गांजाने सवय लागते की नाही यावर वाद घालणाऱ्या पोराला निकोटिनची सवय आधीच लागलेली असते.

या पोरांचा ठरलेला युक्तिवाद असा: तंबाखूने देशात वर्षाला साडेतेरा लाख माणसं मरतात, गांजाने मेलेला माणूस दाखवा, मग तंबाखू दुकानात आणि गांजा पोलीस ठाण्यात, हा कुठला न्याय? युक्तिवादातला आकडा खरा आहे. २०१६-१७च्या राष्ट्रीय पाहणीत देशातले २८.६ टक्के प्रौढ, म्हणजे सुमारे २६ कोटी ७० लाख माणसं, कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेत होती. कर्नाटकाचं प्रमाण २२.८ टक्के, महाराष्ट्राचं २६.६. आपल्या आकड्याची फोड केली तर आणखी एक गोष्ट दिसते. महाराष्ट्रात धूर ओढणारे जेमतेम ३.८ टक्के, पण चघळणारे, दाढेखाली धरणारे, मिश्री लावणारे २४.४ टक्के. धूर दिसतो, वास येतो, म्हणून त्याला नाक मुरडलं जातं. सकाळी चुलीपाशी बसून मिश्रीने दात घासणाऱ्या आजीला कोणी व्यसनी म्हणत नाही. तोंडाच्या कर्करोगाचं मूळ या दाढेखालच्या चिमटीत आहे, हे टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले डॉ. फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या १,०१,७६१ गावकऱ्यांची तोंडं तपासून १९७२ साली मांडलं होतं. त्याला पन्नास वर्षं उलटली.

गांजा-भांगेचा अखिल भारतीय आकडा २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एम्सच्या पाहणीत आहे. आदल्या वर्षभरात ती घेतलेले २.८ टक्के, म्हणजे तीन कोटींच्या वर. त्यातले बरेचसे भांगवाले. गांजा किंवा चरस ओढणारे १.२ टक्के. तंबाखूशी तुलनाच नाही. पण गांजा निरुपद्रवी आहे हा दावाही टिकत नाही. नेमाने ओढणाऱ्यांपैकी काहींना तो सुटत नाही, कोवळ्या वयात सुरू केला तर मनोविकाराचा धोका वाढतो, आणि घरात आधीपासून तशी प्रवृत्ती असेल तर फारच. धूर हा फुफ्फुसाच्या दृष्टीने धूरच.

माझं म्हणणं असं की तंबाखू अधिक मारते हा मुद्दा गांजाच्या बाजूचा नाहीच. कायदेशीर झालेल्या झाडाचं पुढे काय होतं, याची ती साक्ष आहे. ती नीट ऐकायची तर थोडं मागे जावं लागतं.

तंबाखू आपली नव्हे, पोर्तुगीजांबरोबर आलेली. अकबराचा वकील असद बेग १६०४-०५च्या सुमारास विजापूरला आला, तेव्हा ही नवलाई त्याला आदिलशाहीत सापडली. रत्नजडित चिलमीसह त्याने ती बादशहापुढे ठेवली. हकिमाने विरोध केला, अकबराने दोन-चार झुरके घेतले आणि सोडून दिलं. दरबारी सरदारांनी मात्र सोडलं नाही. १६१७ साली जहांगिराने बंदी फर्मावली. ती कोणी पाळल्याची खूण नाही.

गांजाची गोष्ट उलट दिशेने जाते. १८९३ साली ब्रिटिश संसदेत प्रश्न आला आणि हिंदुस्थान सरकारला हेम्प ड्रग्ज कमिशन नेमावं लागलं. मॅकवर्थ यंग अध्यक्ष, सात सदस्य, ११९३ साक्षीदार, अहवालाचे जाडजूड खंड. मुंबई इलाख्यात गांजाची मुख्य लागवड तेव्हा अहमदनगर जिल्ह्यात होती, म्हणजे आज जिथे ऊस आहे तिथल्या आसपास. १८९४ साली कमिशनने निष्कर्ष दिला: माफक सेवनाने सहसा इजा होत नाही, अतिरेकाने होते, संपूर्ण बंदी अनावश्यक आणि अव्यवहार्य, लागवडीवर परवाना, विक्रीवर कर आणि मर्यादा असावी. साहेबाला महसुलाची काळजी होती हे उघडच आहे. तरीही इतक्या माणसांना विचारून काढलेला निष्कर्ष नुसता साम्राज्याचा कावा म्हणून टाकून देता येत नाही. दारूबंदीवाले आणि महसूलवाले दोघेही तो आपापल्या सोयीने विसरले.

अमली पदार्थांवरच्या १९६१च्या आंतरराष्ट्रीय करारात भारताने पानं आणि बिया वगळून घेतल्या, शेंड्यांसाठी मुदत मागून घेतली. ती संपत आली तेव्हा राजीव गांधींच्या काळात एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याचं विधेयक ऑगस्ट १९८५ मध्ये आलं, सप्टेंबरात राष्ट्रपतींची सही झाली आणि १४ नोव्हेंबरला कायदा लागू झाला. त्यात फुलोऱ्याचे शेंडे म्हणजे गांजा. शेंड्यांशिवायची पानं, म्हणजे भांग, आणि बिया त्या व्याख्येबाहेर.

ही पळवाट किती रुंद आहे ते २०२२ साली बंगळुरातच दिसलं. बेगूर पोलिसांनी एका परप्रांतीय तरुणाकडून २९ किलो भांग आणि ४०० ग्रॅम गांजा पकडला. गांजासाठी एक किलोपर्यंत अल्प प्रमाण, वीस किलोपासून व्यापारी प्रमाण आणि किमान दहा वर्षं सक्तमजुरी. २९ किलो भांगेला गांजा म्हटलं तर माणूस दहा वर्षांसाठी आत. उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती के. नटराजन यांनी त्याला जामीन दिला. ही भांग गांजा किंवा चरसापासून बनल्याचा शास्त्रीय पुरावा नाही, उत्तरेत शिवमंदिरांजवळ ती उघड विकली जाते, आणि एनडीपीएसमध्ये भांगेचं नाव नाही, असं त्यांनी नोंदवलं. आधार म्हणून घेतलेल्या निकालांत एक आपल्या मुंबई उच्च न्यायालयाचा होता, मधुकर विरुद्ध महाराष्ट्र राज्य, २००२. मात्र महाराष्ट्रात भांग बाळगायला दारूबंदी कायद्याखाली परवाना लागतो, हे त्या निकालाचे दाखले देणारे उत्साही लोक सांगत नाहीत.

पकडलं कोण जातं, हेही पाहायला हवं. विधी सेंटर फॉर लीगल पॉलिसीने २०१७ आणि २०१८ या वर्षांतल्या मुंबईच्या खटल्यांचा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध केला. सुमारे ८७ टक्के खटले गांजा-चरसाचे, तेही जवळजवळ सगळे स्वतः ओढण्याचे, आणि आरोपी रोजंदारीवरचे, झोपडपट्टीतले, फुटपाथवरचे. उंच इमारतीच्या गच्चीवर ओढणाऱ्याच्या दारापर्यंत हा कायदा क्वचितच चढतो. एवढ्या एका गोष्टीसाठी तरी सेवनाचा गुन्हा रद्द व्हावा, असं मला वाटतं.

पण सेवनाला शिक्षा नसणं वेगळं आणि व्यापाराला मोकळीक असणं वेगळं. हा फरक समजायला बसवनगुडीतून पुणे-बंगळूर महामार्ग धरून उत्तरेला जावं लागेल, कर्नाटकाच्या टोकापर्यंत. निपाणीपर्यंत.

बेळगाव, कारवार, निपाणी ही नावं आपण सीमाप्रश्नाच्या घोषणेत एका दमात घेतो. निपाणीची जमीन आणि तिथली माणसं मात्र तंबाखूवर जगली. विडीची तंबाखू. शेतकऱ्याने पिकवायची, व्यापाऱ्याने भाव पाडायचा, वजनात घट धरायची, पैसे महिनोन्‌महिने लटकवायचे, असा शिरस्ता. १४ मार्च १९८१ रोजी शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने निपाणीजवळ महामार्गावरच ठाण मांडलं. बायकापोरांसह, चुली मांडून, हजारो शेतकरी. त्या वस्तीला नाव पडलं आंदोलननगर. मागणी भावाची. कर्नाटकात गुंडुराव मुख्यमंत्री होते. ६ एप्रिलला पोलीस घुसले, गोळीबार झाला, बारा शेतकरी मेले. ऊस आणि कांद्याची आंदोलनं महाराष्ट्राला आठवतात. तंबाखूसाठी मेलेले मराठी शेतकरी तितकेसे आठवत नाहीत.

ही शेतकऱ्यांची बाजू. वखारींतली बाजू आणखी खालची. तिथे बायका तंबाखू कुटत, चाळत, दिवसभर तिची धूळ छातीत घेत. तीनेक हजार बायकांनी संघटना बांधली, संप केला. त्यांच्यावर ‘तंबाखू चाकीला ऊब आली’ हा माहितीपट १९८२ साली निघाला, आणि तो केला बंगळूरच्या ‘युगांतर’ या गटाने: दीपा धनराज, आभा भैया, मीरा राव, नवरोज काँट्रॅक्टर. त्याआधी याच गटाने पुण्याच्या घरकामगार बायकांवर ‘मोलकरीण’ केला होता. बंगळूरच्या गटाने मराठी कामगार बायकांचं जगणं असं टिपावं आणि मराठी नियतकालिकांत त्याचा विशेष पुकारा नसावा, याचं मला वाईट वाटतं.

निपाणीतल्या कोणाचीच मागणी चूक नव्हती. पण सगळ्या मागण्या पुऱ्या झाल्या तर जास्त तंबाखू, बऱ्या भावाने, विकली जाणार होती. एखाद्या झाडावर शेतकऱ्याचं घर, बाईची मजुरी, व्यापाऱ्याची गादी, आमदाराची मतं आणि दिल्लीचा महसूल एकदा बसला की कर्करोगाचे डॉक्टर कितीही ओरडोत, ते झाड कोणी उपटत नाही. सोलापूरच्या विडी कामगार बायकांसाठी कुंभारीला दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली, २००६ साली पंतप्रधानांच्या हस्ते घरं दिली गेली. चांगलंच झालं. ती घरं विडीवर उभी आहेत, हेही खरंच आहे. २०२५च्या सप्टेंबरात जीएसटी परिषदेने सिगरेट आणि गुटख्याला चाळीस टक्क्यांत टाकायचं ठरवलं आणि त्याच बैठकीत विडीचा कर २८वरून १८वर आणायचं ठरवलं. विडीचा धूर सिगरेटीहून सौम्य आहे असं कुठल्याही डॉक्टरने सांगितलेलं नाही.

सरकारचा एक हात काय करतो ते दुसऱ्याला ठाऊक नसतं असं नाही. चांगलं ठाऊक असतं. तंबाखूसाठी १९७५च्या कायद्याने केंद्राचं वेगळं मंडळच आहे, टोबॅको बोर्ड, गुंटूरला. म्हैसूर जिल्ह्यातल्या हुणसूर, पिरियापट्टणच्या सिगरेटी तंबाखूचा लिलाव ते करतं. २०१० साली तंबाखू उद्योगाची जागतिक परिषद बंगळुरात भरणार होती आणि हे सरकारी मंडळ तिच्या प्रायोजकांत होतं. बंगळूरच्याच इन्स्टिट्यूट ऑफ पब्लिक हेल्थने उच्च न्यायालयात जनहित याचिका लावली. तंबाखू उद्योगाला धोरणापासून दूर ठेवण्याच्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताची सही आहे, मग मंडळ प्रायोजक कसं, असा सवाल. न्यायालयाच्या आदेशाने मंडळाला अंग काढून घ्यावं लागलं. पुढे १५ डिसेंबर २०१७ला याच न्यायालयाने पाकिटावरच्या ८५ टक्के चित्र-इशाऱ्याचा नियम रद्द केला, आणि ८ जानेवारीला सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. पाकिटाच्या एका चित्रासाठी इतकी ओढाताण.

आता गांजाकडे वळा. दिल्ली उच्च न्यायालयात २०१९ साली ग्रेट लीगलायझेशन मुव्हमेंटने गांजाच्या बाजूने याचिका केली. उत्तराखंडाने २०१८ साली औद्योगिक भांगेच्या लागवडीला परवाने सुरू केले, पुढे हिमाचलही त्या वाटेला लागलं. डिसेंबर २०२०मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगात गांजाला सर्वांत घातक यादीतून काढायला २७ विरुद्ध २५ मतं पडली, आणि भारताचं मत काढण्याच्या बाजूने होतं, हे आपल्या वाहिन्यांनी फारसं दाखवलं नाही. परदेशातले प्रयोगही सरळ चाललेले नाहीत: कॅनडाने २०१८ साली मोकळीक दिली आणि सांभाळली, थायलंडने २०२२ साली दिली आणि २०२५मध्ये डॉक्टरच्या चिठ्ठीपुरती आवळली. कॅनडात दार उघडताच आत कोण शिरलं, ते मात्र बघण्यासारखं आहे. मार्लबरोची मालक आल्ट्रिया हिने डिसेंबर २०१८मध्ये क्रोनोस या गांजा कंपनीत १८० कोटी डॉलर घालायचं जाहीर केलं, ४५ टक्के हिस्सा. ब्रिटिश अमेरिकन टोबॅको २०२१ साली ऑर्गॅनिग्राममध्ये शिरली.

म्हणून माझं म्हणणं एवढंच: ओढणाऱ्याला कोठडी नको, औषधी वापराला डॉक्टरच्या देखरेखीखाली वाट हवी, पण ब्रँड, जाहिरात, फळीवरचं रंगीत पाकीट आणि मंडळ नको. कमिशनने १८९४ साली सुचवलेला मधला रस्ता तेव्हा महसुलाच्या अंगाने गेला. आता तो आरोग्याच्या अंगाने आखावा लागेल, आणि पहिल्या पिकाच्या आधी. कारण उद्या एखाद्या दुष्काळी तालुक्यात परवाना घेऊन कोणी गांजा लावला, तर तो शेतकरी बाजारात जाऊन पहिला प्रश्न भावाचा विचारणार, आणि त्यात त्याचं काहीच चुकलेलं नसणार.