नवापूरच्या कोंबड्या आणि सातपुड्यातलं रक्त

नवापूर रेल्वे स्टेशनचा थोडा भाग महाराष्ट्रात, उरलेला गुजरातेत. फलाटावरच्या एका बाकाच्या मधूनच राज्याची हद्द जाते. माणसं त्यावर हौसेनं फोटो काढतात. विषाणूंना मात्र असली हद्द कळत नाही, हे इथल्या लोकांनी २००६ साली पाहिलं.

देशात पहिला नंबर. १८ फेब्रुवारी २००६. भारतात पक्ष्यांमध्ये बर्ड फ्लू असल्याचं पहिल्यांदा जाहीर झालं ते नंदुरबार जिल्ह्यातल्या याच नवापुरातून. मेलेल्या कोंबड्यांचे नमुने भोपाळच्या पशुरोग प्रयोगशाळेत तपासले, तर निघाला बर्ड फ्लूचा एच५एन१ विषाणू. काही दिवसांतच तो शेजारच्या गुजरातेतल्या उच्छलमध्येही सापडला. लाखो कोंबड्या माराव्या लागल्या, पोल्ट्रीवाले कंगाल झाले. माणसांचे नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत गेले. लागण एकालाही निघाली नाही. २०२१ साली नवापुरात बर्ड फ्लू पुन्हा आलाच.

मसाल्याच्या डब्यातलं औषध. बर्ड फ्लूच्या रुग्णाला टॅमीफ्लू देतात. ते बनवायला लागणारं शिकिमिक आम्ल मिळतं चक्रीफुलातून! म्हणून चक्रीफूल खाऊन फ्लू बरा होतो असं मुळीच नाही. त्या आम्लावर कारखान्यात बऱ्याच प्रक्रिया झाल्यावरच औषध तयार होतं.

आणि रस्सा? खुशाल खा. मांस आतपर्यंत ७० अंश सेल्सियसला शिजलं की हा विषाणू मरतो. आपला रस्सा तर रटरट उकळतो. जपायचं ते कच्चं मांस हाताळताना.

एक आणा, एक डास. आता सातपुड्यातल्या रक्ताकडे जाऊ, पण त्यासाठी आधी हिवताप. अल्मोड्यात जन्मलेले रोनाल्ड रॉस सिकंदराबादला डास चिरून पाहत होते. हुसेन खान नावाच्या रुग्णानं डासांना आपलं रक्त पिऊ दिलं आणि प्रत्येक डासामागे एक आणा घेतला. त्यातल्याच एका डासाच्या जठरात २० ऑगस्ट १८९७ रोजी रॉसना हिवतापाच्या परजीवीची वाढ दिसली. १९०२ चं नोबेल रॉसना मिळालं. हुसेन खानचं नाव शाळेच्या पुस्तकातही यायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

हिवतापाची रक्तातली खूण. नंदुरबारची खरी थक्क करणारी गोष्ट ही. सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकारात हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतलं सहावं अमिनो आम्ल बदलतं. जनुकातलं फक्त एक अक्षर चुकतं! प्राणवायू कमी झाला की तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि हाडं ठणकू लागतात. एरवी १२० दिवस जगणारी पेशी १० ते २० दिवसांत संपते.

असा घातक दोष पिढ्यानपिढ्या टिकला कसा? रक्ताच्या अशाच एका आजाराबाबत, थॅलेसेमियाबाबत, शास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९४९ साली हिवतापाकडे बोट दाखवलं होतं. (हेच हाल्डेन पुढे भारताचे नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले.) सिकलसेलचं कोडं केनियात वाढलेल्या अँथनी ॲलिसन यांनी १९५४ साली उलगडलं. आईवडिलांपैकी एकाकडूनच हे जनुक आलं असेल, तर त्या वाहकाला जीवघेण्या फाल्सिपेरम हिवतापापासून मोठं संरक्षण मिळतं. म्हणजे जिथे डासांनी शतकानुशतकं माणसं मारली, तिथे हे जनुक तगलं. भारतातल्या आदिवासींमध्ये ते आफ्रिकेहून आलं नसावं. इथला बदल वेगळा घडला असावा, असं काही जनुकीय खुणा सुचवतात.

काटे सरांचा नकाशा. पुण्याचे डॉ. सुदाम काटे राज्यभरच्या आदिवासींमध्ये सिकलसेल शोधत राहिले. त्यांनी आणि लिंगोजवार यांनी २००२ साली मांडलेल्या पाहणीत भिल्ल, पावरा, माडिया अशा जमातींत वाहक धरून सिकलसेलचं प्रमाण २० ते ३५ टक्के निघालं. पाच हजारांहून अधिक रुग्ण असलेल्या जिल्ह्यांच्या यादीत गडचिरोली, चंद्रपूर यांच्या जोडीला नंदुरबारही होतं. २०१९ साली काटे यांना पद्मश्री मिळाली. सातपुड्यात अक्कलकुवा, धडगावकडच्या पाड्यांवर ‘अंग दुखतं’ म्हणून झोपून राहणाऱ्या पोराला आळशी ठरवणं किती अन्यायाचं आहे, हे असल्या आकड्यांमुळेच कळतं.

थेंबभर रक्त, छापील कागद. पहिली चाचणी अगदी साधी. नळीतल्या द्रावणात रक्ताचा थेंब टाकायचा आणि मागे छापील कागद धरायचा. अक्षरं वाचता आली तर सिकलसेल नाही. द्रावण गढूळ होऊन अक्षरं दिसेनाशी झाली तर पुढची तपासणी करायची, कारण वाहक आणि रुग्ण यांतला फरक इलेक्ट्रोफोरेसिससारख्या चाचणीतच कळतो. नवरा-बायको दोघंही वाहक असतील, तर प्रत्येक बाळंतपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता चारात एक. २०२३ साली सुरू झालेल्या सिकलसेलच्या राष्ट्रीय मोहिमेत चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी ठरली आहे. सातपुड्यातल्या जोडप्यांच्या हाती तिचा निकाल लग्न ठरण्याआधी पडायला हवा.