वर्गत्रिपदी आणि ‘अवयव’ ही संज्ञा

महाराष्ट्रात इयत्ता आठवीच्या बीजगणितात वर्गत्रिपदीचे अवयव पाडण्यास शिकविले जाते. ‘क्ष² + ७क्ष + १२’ ही राशी घेतली, तर ज्यांचा गुणाकार १२ व बेरीज ७ अशा ३ आणि ४ या संख्या शोधावयाच्या व (क्ष + ३)(क्ष + ४) असे उत्तर मांडावयाचे. येथवर वाट सरळ आहे. ‘६क्ष² + ७क्ष − २०’ या राशीपाशी मात्र विद्यार्थी अडतो. येथे ६ आणि −२० यांचा गुणाकार, म्हणजे −१२०, घ्यावयाचा व मधल्या पदाची १५क्ष − ८क्ष अशी फोड करावयाची. हे का, ते बहुधा सांगितले जात नाही. वस्तुतः (२क्ष + ५)(३क्ष − ४) हा गुणाकार उलट करून पाहिला की कारण उघड होते. मधल्या पदांतील १५ म्हणजे ५ × ३, आणि −८ म्हणजे २ × (−४). याच चार संख्या ६ आणि −२० यांतही आहेत, केवळ जोड्या बदलल्या आहेत.

दुसरी अडचण शब्दाची होय. अवयव म्हणजे हात, पाय. न्यायशास्त्रात अनुमानाचे पाच अवयव. दोन्हीकडे भाग एकत्र येऊन पूर्ण होतो. त्यामुळे क्ष², ७क्ष आणि १२ हेच अवयव, असे एखाद्या विद्यार्थ्याने म्हटले तर भाषेच्या दृष्टीने तो चुकत नाही. वास्तविक ती पदे होत. अवयवांचा गुणाकार व्हावा लागतो. हिंदीतील ‘गुणनखंड’ ही संज्ञा या बाबतीत अधिक बोलकी आहे.

गडहिंग्लजसारख्या सीमेलगतच्या तालुक्यात हा गुंता वाढतो. हिरण्यकेशी जेथे पुढे वाहत जाते त्या संकेश्वरकडे कन्नड माध्यमात अवयवांना ‘अपवर्तन’ म्हणतात. मराठी विज्ञानाच्या पुस्तकात मात्र अपवर्तन हे प्रकाशाचे असते. घरी कन्नड व शाळेत मराठी असलेल्या मुलाला एकाच शब्दाचे दोन अर्थ सांभाळावे लागतात. भास्कराचार्यांच्या गणितात अपवर्तन म्हणजे समान भाजकाने संक्षेप करणे. तेव्हा कन्नड प्रयोग मूळ अर्थाच्या अधिक जवळ आहे, हे मान्य करावे लागते.

भास्कराचार्यांनी मात्र, सुमारे ११५० मध्ये लिहिलेल्या ‘बीजगणित’ ग्रंथात, वर्गसमीकरणासाठी अवयवांचा मार्ग धरला नाही. श्रीधराचार्यांच्या रीतीने वर्ग पूर्ण करून ते मधले पद नाहीसे करतात, आणि त्या प्रकरणाचे नावच ‘मध्यमाहरण’ आहे. शाळेत ज्याची फोड होते, त्याचे तेथे हरण होते.