‘र’ न येणारा शेरलॉक

जेरेमी ब्रेटचा शेरलॉक होम्स ज्यांनी पाहिला आहे, त्यांच्या कानात त्याचं बोलणं बसलेलं असतं. अर्धं वाक्य झपाट्याने म्हणून टाकायचं, मध्येच थबकायचं, आणि शेवटचा शब्द असा स्वच्छ टाकायचा की प्रेक्षागृहाच्या शेवटच्या रांगेलाही ऐकू जावा. या माणसाला लहानपणी ‘र’ म्हणता येत नव्हता, हे सांगितलं की माझ्या वर्गातली मुलं चमकतात. मी हौशी नाटकवाल्यांचे उच्चार घासूनपुसून घेते. ‘र’पाशी अडणारा एखादा मुलगा बहुतेक तुकड्यांत असतो, आणि त्याला ब्रेटबद्दल सांगितल्यावाचून मला राहवत नाही.

ब्रेटचं खरं नाव पीटर जेरेमी विल्यम हगिन्स. जन्म 3 नोव्हेंबर 1933 चा, इंग्लंडमधल्या वॉरिकशायरच्या बर्क्सवेल गावचा. वडील लष्करी अधिकारी, घर खानदानी, शिक्षण ईटनसारख्या शाळेत. पण तिथे त्याची डाळ शिजली नाही, कारण त्याला डिस्लेक्सिया होता. अक्षरं डोळ्यांपुढे जागा सोडायची. एक गळा तेवढा उत्तम होता, तो शाळेच्या गायनवृंदात लागला. किशोरवयात शस्त्रक्रिया झाली आणि ‘र’ सुटा झाला. शस्त्रक्रियेने जीभ मोकळी होते, वळण मात्र लावावं लागतं. ब्रेटने ते आयुष्यभर लावलं. हातात काम असो वा नसो, उच्चारांचा रियाज रोजच्या रोज. पुढे त्याचं जे वाक्य आपल्याला सहज वाटतं, ते या रियाजातून आलेलं आहे.

मुलगा नट होणार म्हटल्यावर घराण्याचं नाव रंगभूमीवर नको, असं वडिलांनी बजावलं. तेव्हा सुटाच्या आत शिंप्याने शिवलेल्या पट्टीवर ‘ब्रेट’ असं नाव होतं, तेच त्याने घेतलं. चेहरा देखणा असल्यामुळे सुरुवातीची वर्षं राजबिंड्या तरुणांच्या भूमिकांत गेली. 1956 च्या ‘वॉर अँड पीस’मध्ये निकोलाय रोस्टोव्ह, बीबीसीच्या ‘थ्री मस्केटिअर्स’मध्ये दार्तान्यां, मग लॉरेन्स ऑलिव्हिएच्या नॅशनल थिएटरात शेक्सपिअर. 1964 च्या ‘माय फेअर लेडी’त एलायझावर भाळलेला फ्रेडी तोच. त्या चित्रपटातलं त्याचं गाणं मात्र दुसऱ्याच गायकाच्या आवाजात आहे. गायनवृंदात वाढलेल्या या गळ्यावर ओठ हलवण्याची पाळी यावी, याचं मला आजही वाईट वाटतं.

1980 मध्ये लॉस एंजेलिसला एका नाटकात त्याने डॉ. वॉटसन केला. होम्स होता चार्लटन हेस्टन. होम्सकडे वॉटसनच्या जागेवरून पाहिलेला माणूस पुढे होम्सच्या खुर्चीत बसला, तेव्हा समोरच्या मित्राची किंमत त्याला ठाऊक होती. ग्रॅनडा टेलिव्हिजनची ही होम्स मालिका एप्रिल 1984 मध्ये सुरू झाली, ती 1994 पर्यंत चालली. भाग एकूण 41. बेकर स्ट्रीट लंडनची, पण ग्रॅनडाने ती मँचेस्टरमध्ये उभारली, फरसबंदीसकट. निर्माता मायकेल कॉक्स याने होम्स आणि वॉटसनच्या सवयी, कपडे, खाणंपिणं मूळ कथांमधून वेचून 77 पानांचं एक टिपण तयार करवलं होतं. ‘स्ट्रँड’ मासिकात मूळ कथांसाठी सिडनी पॅजेटने काढलेली चित्रं काही प्रसंगांत जशीच्या तशी उभी केली आहेत. ब्रेट तर होम्सचा जनक कॉनन डॉइल याचा कथांचा ग्रंथ घेऊनच सेटवर वावरायचा. पटकथाकाराने विनाकारण काही बदललं की मूळ पान उघडून भांडायचा. संहितेसाठी असं भांडणारा नट मिळायला नशीब लागतं.

या हट्टाचा सर्वांत मोठा फायदा वॉटसनला झाला. बेसिल रॅथबोन होम्स असलेल्या जुन्या चित्रपटांनी वॉटसनला गोंधळलेला, हसण्यावारी न्यायचा म्हातारा करून टाकलं होतं. इथे डेव्हिड बर्कने आणि त्याच्यानंतर एडवर्ड हार्डविकने त्याला परत माणसात आणलं. लढाई पाहिलेला डॉक्टर, समंजस, वेळेला पिस्तूल चालवणारा. मराठीत ज्यांनी होम्स भाषांतरांतून वाचला, त्यांना हा वॉटसन लगेच ओळखू येईल, कारण कथांमध्ये तो असाच आहे.

ब्रेटला तरुणपणी, सोळाव्या वर्षाच्या सुमारास, संधिवाती ताप येऊन गेला होता आणि त्याने हृदय दुखावून ठेवलं होतं. त्यात सिगारेटी भरमसाट. जुलै 1985 मध्ये त्याची दुसरी बायको, अमेरिकन निर्माती जोन विल्सन, कर्करोगाने गेली. कथेप्रमाणे होम्सचा राइखनबाखच्या धबधब्यात ‘मृत्यू’ चित्रित करून झाला होता आणि त्याला परत आणण्याचं चित्रीकरण समोर होतं. 1986 मध्ये ब्रेट कोसळला. उन्माद आणि खिन्नता यांच्यात माणसाला हेलकावे देणारा बायपोलर आजार त्याला आहे, असं निदान झालं. औषध म्हणून लिथियम सुरू झालं. मन थाऱ्यावर आलं, पण अंगात पाणी साठू लागलं. पहिल्या भागांतला तो सडसडीत, कोचावर झेप घेणारा माणूस हळूहळू सुजला, जड झाला.

याच काळातला 1988 चा ‘द डेव्हिल्स फूट’ हा भाग मी पुन्हा पुन्हा पाहते. डॉक्टरांनी सक्तीची विश्रांती सांगितल्यामुळे होम्स कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर आला आहे. ही डॉइलचीच कथा, पण ब्रेटने त्यात एक गोष्ट घातली. होम्स आपली कोकेनची सिरिंज वाळूत पुरून टाकतो. मूळ कथेत हे नाही. एरवी एका शब्दासाठी भांडणाऱ्या ब्रेटने हा बदल करताना डॉइलच्या मुलीची, डेम जीन कॉनन डॉइल यांची, संमती घेतली, कारण होम्सला पाहणारी लहान मुलं त्याच्या डोळ्यांपुढे होती. त्याच भागात विषारी धुराच्या झटक्यात होम्सचं भान सुटतं. वॉटसन त्याला ओढून बाहेर काढतो आणि होम्स ओरडतो, ‘जॉन!’ इतक्या वर्षांत ज्याला फक्त ‘वॉटसन’ म्हटलं, त्याला मरणाच्या दारात पाळण्यातल्या नावाने हाक. ती हाक ऐकताना हार्डविकचा चेहरा पाहावा. तो काहीही वेगळं करत नाही, फक्त मित्राला घट्ट धरून ठेवतो.

शेवटचे भाग अनेकांना पाहवत नाहीत. ‘होम्स संपला होता’ असं म्हणणारे भेटतात. 1994 च्या ‘मॅझरिन स्टोन’च्या वेळी ब्रेटची तब्येत इतकी ढासळली की कथेचा भार होम्सचा भाऊ मायक्रॉफ्ट याच्यावर, म्हणजे चार्ल्स ग्रेवर, टाकावा लागला. तरीही मला ते म्हणणं पटत नाही. आजारी नटाने तरुण होम्सची नक्कल केली असती, तर तो खोटा पडला असता. ब्रेटने तसं केलं नाही. श्वास पुरत नव्हता तिथे त्याने वाक्य तोडलं आणि त्या तुटण्यालाच अर्थ दिला. झेप गेली, पण टक लावून पाहणं वाढलं. ‘द कार्डबोर्ड बॉक्स’ या शेवटच्या भागात माणसाच्या दुःखाला काही हेतू आहे का, असा प्रश्न होम्स विचारतो. ते वाक्य डॉइलचं, थकवा मात्र ब्रेटचा, आणि दोन्ही एकमेकांत बेमालूम मिसळले आहेत. असं काम धडधाकट नटाकडून मी फार थोड्या वेळा पाहिलं.

आपला मानसिक आजार ब्रेटने लपवला नाही. त्या काळी इंग्लंडमध्येही हे सोपं नव्हतं. 1995 मध्ये या आजाराच्या रुग्णांसाठी काम करणाऱ्या संस्थेकरता त्याने बीबीसी रेडिओवरून मदतीचं आवाहन केलं. त्याच वर्षी 12 सप्टेंबरला, लंडनच्या क्लॅपम भागातल्या घरी, हृदय बंद पडून तो गेला. वय 61.

मालिका पाहिली नसेल तर पहिल्या ‘अ स्कँडल इन बोहेमिया’पासून सुरुवात करावी आणि क्रम मोडू नये. शक्यतो खालची अक्षरं न लावता पाहावी, म्हणजे लक्ष आवाजावर राहील. एखादा शब्द निसटला तर निसटू द्यावा, कानाला सवय झाली की दुसऱ्या खेपेला तो सापडतो. आणि शेवटच्या सहा भागांपर्यंत आल्यावर ब्रेटच्या प्रकृतीचा विचार करून ते सोडून देऊ नयेत.