दारावरचा ळ : स्क्रोल सॉवर मराठी नावाची पाटी

मागच्या भागांत मशीन झालं, पाती झाली, चहाच्या कपाखाली ठेवायच्या चकत्या झाल्या, नातवंडांसाठी कोडीही झाली. आज नावाची पाटी. इंदूर, बडोदा, बंगळूर, दिल्ली, जिथे जिथे मराठी घरं आहेत तिथून सगळ्यात जास्त विचारणा होते ती या एका गोष्टीची. आणि याचं उत्तर इंग्रजी पुस्तकांत सापडत नाही, कारण तिथले सगळे नमुने रोमन अक्षरांचे. देवनागरी लाकडात कापायला बसलात की या लिपीचे स्वतःचे कायदे आहेत हे पहिल्याच नावात कळतं.

जे आज पहिल्यांदाच आले आहेत त्यांच्यासाठी दोन ओळी. स्क्रोल सॉ म्हणजे टेबलावर बसणारी छोटी करवत. पातं जेमतेम पाच इंच लांब, दोन्ही टोकांना आवळलेलं, शिवणयंत्राच्या सुईसारखं वर-खाली होणारं. इथे पातं एका जागी राहतं आणि लाकूड फिरवायचं असतं. हार्डवेअरच्या दुकानात स्क्रोल सॉ मागितलात तर बरेचदा तुमच्या हातात जिगसॉ ठेवतात. ते हातात धरून चालवायचं वेगळं हत्यार आहे, सुतारकामाला उत्तम, पण आपल्या कामाचं नाही.

आता पाटीच का, तर त्याला एक कारण आहे. मी देहरादूनला स्थायिक झालो. इथे निवृत्त फौजींची वस्ती दाट, त्यात मराठी घरंही आहेत. आमच्या मागच्या गल्लीत एक सुभेदार मेजर राहतात, मूळ साताऱ्याकडचे, आडनाव काळे. अकरा वर्षं त्यांच्या फाटकावर 'काले' अशी पाटी होती. रंगवणारा मैदानी मुलखातला, त्याच्या हिंदीत ळ नाही, त्याने त्याला ठाऊक असलेलं अक्षर रंगवलं. अर्थ बघा, दोन्ही भाषांत तोच राहतो! पण नातू शाळेत स्वतःचं नाव 'काले' सांगायला लागला तेव्हा साहेब माझ्याकडे आले. म्हणाले, "सर, पाटी आमची आहे, पण वाचताना दुसऱ्या कुणाचं तरी घर वाटतं." मी म्हटलं, "साहेब, अक्षर तुम्ही काढून द्या. कापतो मी."

गंमत म्हणजे पहाडातल्या गढवाळी बोलीत ळ आहे. इथला जुना माणूस आपल्या मुलखाला गढवाळच म्हणतो. त्यामुळे नवी पाटी लागल्यावर समोरच्या आजींनी ती एका दमात बरोबर वाचली.

अक्षर हाताने काढायला सांगितलं त्यालाही कारण आहे. संगणकावरचे बरेच फॉन्ट हिंदी वळणाचा ल आणि श देतात. आपला ल, आपला श वेगळा दिसतो. मराठी वळण देणारे फॉन्ट आहेत, मुंबईच्या आयआयटीचा 'शोभिका' मोफत मिळतो. पण छपाईसाठी केलेल्या अक्षरात बारीक जागा बारीकच असतात, आणि लाकडात ती बारीक जागा म्हणजे मोडायची जागा. जाड टोकाच्या मार्करने किंवा बोरूने घरातल्या कुणाकडून तरी नाव लिहून घ्या आणि झेरॉक्सवाल्याकडून हवं तेवढं मोठं करून घ्या. सहा मिलिमीटर जाडीच्या लाकडात मी कुठलीही रेघ सहा मिलिमीटरपेक्षा बारीक ठेवत नाही. हा माझा नियम आहे, वेदवाक्य नव्हे.

आता लिपीकडे या. रोमन अक्षरं कापली की सुटी होतात, प्रत्येक अक्षर वेगळं चिकटवावं लागतं. आपल्याकडे शिरोरेषा आहे. सगळी अक्षरं एका दोरीवर टांगलेली, त्यामुळे 'काळे' अखंड निघतं. ही फार मोठी सोय आहे. पण सगळीकडे नाही.

थ, ध आणि भ या अक्षरांवर शिरोरेषा तुटते. शब्दाच्या सुरुवातीला ती आली, म्हणजे भोसले किंवा धुमाळ असं नाव असलं, तर काही अडत नाही. मधे आली की नाव दोन तुकड्यांत पडतं. 'माधव'मध्ये 'मा' एका हातात आणि 'धव' दुसऱ्या हातात येतो. इथे पहिला मोह होतो तो शिरोरेषा जोडून टाकायचा. ते करू नका. ध वरची रेघ जोडली की त्याचा घ होतो आणि भ वरची जोडली की म. सुधाताईंच्या दारावर 'सुघा', सुभाषरावांच्या दारावर 'सुमाष'. जोडायचंच असेल तर खालून जोडा, अक्षरांच्या पायाशी एक पट्टी किंवा वेल काढून. नाहीतर दोन तुकडे दोनच राहू द्या आणि मागच्या फळीवर चिकटवा.

चिकटवताना ते जागेवर कसे बसणार? कापून उरलेली बाहेरची चौकट फेकू नका. ती फळीवर ठेवायची, तिच्या पोकळीत तुकडे ठेवायचे, ते आपोआप आपापल्या जागी बसतात. अनुस्वारासाठी तर याला पर्यायच नाही. 'शिंदे' कापलंत की टिंब सुटं पडणार, आणि ते नजरेने लावलं तर एक मिलिमीटर इकडचं तिकडे झालेलंही दारातून दिसतं. टिंब कापल्या कापल्या एका डबीत टाका. भुशात हरवलं की शोधणं म्हणजे रात्रीच्या गस्तीत पडलेलं बटण शोधणं.

दुसरी गोष्ट, अक्षरांच्या पोटातल्या खिडक्या. व, ब, प, म, घ यांच्या पोटात चारी बाजूंनी बंद जागा आहे. तिथे बाहेरून पातं जाऊ शकत नाही. आधी ड्रिलने भोक पाडायचं, पात्याचं एक टोक सोडवून भोकातून ओवायचं, पुन्हा आवळायचं आणि मग कापायचं. भ आणि ध यांची खिडकी वरून उघडी असते, त्यांना भोक लागत नाही. 'काळे'ला तीन भोकं : एक क च्या पोटात, दोन ळ च्या डोळ्यांत.

मशीन विकत घेताना मी एक हट्ट धरायला सांगतो तो यासाठीच. पाती दोन प्रकारची असतात. एकाच्या टोकांना आडवी पिन असते, दुसऱ्याची टोकं सपाट. पिनवालं पातं बसवायला सोपं, पण पिन भोकातून जायला हवी म्हणून भोक मोठं लागतं, साधारण पाच मिलिमीटरचं. तेवढ्यात ळ चा अख्खा डोळा जातो. सपाट टोकाचं पाच नंबरचं पातं सुमारे एक मिलिमीटर रुंद असतं, त्याला दीड मिलिमीटरचं भोक पुरतं. सपाट पातं धरणारं मशीन नसेल तर मराठी अक्षरांच्या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

काही जण उलट पाटी मागतात. म्हणजे फळी अखंड आणि नाव तिच्यात पोकळ, मागून दिवा. दिसते छान. पण मग व च्या पोटातला लाकडाचा तुकडा कशाला धरून राहणार? तो खाली पडतो, आणि उरतं ते अक्षर नसून नुसतं भगदाड. प्रत्येक खिडकीला बाहेरच्या लाकडाशी जोडणारा छोटा पूल ठेवावा लागतो, ट्रंकांवर नाव-नंबर रंगवायच्या पत्र्याच्या साच्यात असतो तसा. फौजेत ते साचे सगळ्यांनी पाहिलेत. पूल कुठे ठेवला तर अक्षर कमी बिघडेल हे आधी कागदावर ठरवा.

लाकूड कुठलं? इथे मला जरा थांबायचंय, कारण बहुतेक पाट्या इथे मोडतात. सहारनपूर आमच्यापासून जवळ, नक्षीकामाचं आणि जाळीकामाचं गाव, शिसमचे सुंदर तुकडे मिळतात. मोह होतो. पण भरीव लाकूड रेषांच्या दिशेने मजबूत असतं आणि रेषांना आडवं ठिसूळ. देवनागरीत लांब आडवी शिरोरेषा आहे आणि तिला काटकोनात उभे काने, दंड. लाकडाच्या रेषा शिरोरेषेबरोबर ठेवल्या तर काना बोटाच्या धक्क्याने तुटतो. रेषा उभ्या ठेवल्या तर शिरोरेषाच दोन अक्षरांच्या मधे काडकन जाते. ग आणि ण तर आणखी नाजूक, त्यांचे दोन भाग नुसते वरून लटकलेले. प्लायवूडमध्ये एक थर आडवा, एक उभा असतो, त्यामुळे दोन्ही दिशांना सारखीच ताकद मिळते. म्हणून नावासाठी प्लायवूड. पाटी बाहेर लागणार असेल तर आयएस ७१० शिक्क्याचं मरीन प्लाय घ्या, आमच्या पावसात साधं प्लाय एका मोसमात थर सोडतं. शिसमची हौस मागच्या फळीवर भागवा. फिक्या नावामागे गडद फळी तशीही उठून दिसते.

एमडीएफ स्वस्त आहे, कापायलाही मऊ, पण पाणी लागलं की फुगतं. त्याची धूळही फार बारीक असते. धुळीवरून सांगतो, लाकडाच्या भुशाला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने माणसात कर्करोग घडवणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात ठेवलंय. हे घाबरवायला सांगत नाही. सुतार दिवसभर त्यात असतो, आपण तासभर. पण एन-९५ मास्क आता घरोघरी आहे, तो लावा. शिसमची धूळ काहींना अंगावर खाज आणते. चष्मा असला तरी वरून गॉगल, कारण पातं तुटलं की तुकडा कुठेही उडू शकतो. या मशीनने बोट जाण्याची भीती इतर करवतींपेक्षा कमी आहे, म्हणून लोक बेफिकीर होतात. सैल बाही आणि अंगठी, दोन्ही बाहेर ठेवून बसा.

आता कापूया. फळीवर आधी रुंद चिकटपट्टी, तिच्यावर गोंदाच्या कांडीने नमुन्याचा कागद, त्यावर पुन्हा पारदर्शक चिकटपट्टी. कागद नंतर सहज निघतो, आणि त्या पट्टीमुळे लाकूड करपायचंही कमी होतं. पात्याचे दात खाली तोंड करून बसवा. ताण द्या आणि बोटाने छेडा. टण् असा स्वच्छ आवाज आला पाहिजे, एकतारीसारखा. मऊ, बसका आवाज आला तर पातं वळणावर वाकेल आणि कापाची बाजू तिरकी येईल.

आधी सगळ्या खिडक्या. मग खालून वर जात अक्षरांमधल्या जागा. शिरोरेषेची वरची कड सगळ्यात शेवटी, म्हणजे तोवर फळी अखंड आणि मजबूत राहते. ढकलू नका. नव्या माणसाची पाती तुटतात ती बहुतेक ढकलण्याने. लाकूड पात्याला फक्त दाखवायचं, खायचं काम त्याचं. एक लक्षात ठेवा, कारखान्यात दात पाडताना एका बाजूला बारीक कंगोरा राहतो, म्हणून बहुतेक पाती सरळ न जाता थोडी एका बाजूला ओढतात. मशीन बिघडलेलं नसतं. लाकूड काही अंश तिरकं धरून सारलं की रेघेवर येतं.

सगळ्यांना वाटतं ळ अवघड असेल. तो अजिबात अवघड नाही. गोलाईत हात थोडा हलला तरी डोळ्याला कळत नाही, गोलाई चूक पोटात घालते. अवघड आहे ती शिरोरेषा. सरळ रेघेत केसाएवढी लाटही लांबून दिसते. त्यामुळे तिथे रेघेच्या बाहेर अर्धा मिलिमीटर लाकूड ठेवून कापा आणि मग सपाट पट्टीवर पॉलिश पेपर चिकटवून घासत रेघेपर्यंत या. वर वेलांटी, मात्रा असतील तर त्यांच्या मधल्या भागापुरतीच अरुंद पट्टी करा. मात्रा शिरोरेषेला जिथे चिकटते तिथे मान बारीक असते, ती जागा घासताना खालून बोटाचा आधार द्या.

लेझरवाला हीच पाटी दहा मिनिटांत कापून देतो, खरं आहे. ज्याला पाटी हवी आहे त्याने त्याच्याकडे जावं, मी अडवणार नाही. पण त्यालाही ध आणि घ मधला फरक तुम्हालाच समजावून द्यावा लागेल, आणि ळ ला डोळे दोन असतात हेही.

पॉलिशला चपडा सुरेख, पण फक्त घरातल्या दारासाठी. पाण्याने तो पांढरा पडतो. बाहेर पीयू किंवा उकळलेलं जवसाचं तेल. तेलाचे बोळे घडी करून डब्यात टाकू नका, ते आपोआप तापून पेट घेऊ शकतात. पसरून वाळवा, मग टाका.

लावताना पाटी भिंतीला सपाट चिकटवायची नाही. स्क्रूच्या मागे वॉशर घालून चार-पाच मिलिमीटर फट ठेवा, पावसाचं पाणी मागून वाहून जातं. आणि स्क्रू दोनच ठेवा, पितळी. आम्ही फौजी लोक बदलीचा हुकूम आला की सामान बांधायच्या आधी दारावरची पाटी उतरवायचो, आणि ती दोन स्क्रूंत उतरली पाहिजे ही सवय अजून गेलेली नाही.

पुढच्या भागात टेबल थोडं तिरकं करून एका लाकडात दुसरं लाकूड बसवायचं काम घेऊ. त्यासाठी तीन मिलिमीटर जाडीचे दोन वेगवेगळ्या रंगांचे तुकडे जवळ ठेवा.