एका मताची किंमत

ब्रिटनमध्यें सरकार राजाच्या नांवानें चालतें. पण तें टिकतें मात्र कॉमन्स सभेच्या विश्वासावर. निवडणुकीनंतर ज्या पुढाऱ्यास त्या सभेचा पाठिंबा मिळेल असें दिसतें, त्यालाच राजा मंत्रिमंडळ बनविण्यास पाचारण करतो. इतर मंत्री पंतप्रधानाच्या सल्ल्यानें नेमले जातात. सभेचा विश्वास उडाला, कीं पंतप्रधानानें राजीनामा द्यावा किंवा नव्या निवडणुकीचा मार्ग धरावा, असा संकेत आहे.

ही केवळ पुस्तकी गोष्ट नव्हे. ता. २८ मार्च १९७९ रोजीं जेम्स कॅलॅहन यांच्या सरकारवरील अविश्वासाचा ठराव ३११ विरुद्ध ३१० मतांनीं संमत झाला. त्यांच्या पक्षाचे सभासद सर आल्फ्रेड ब्रॉटन आसन्नमरण असल्यामुळें सभागृहांत येऊं शकले नव्हते. पुढें पांचच दिवसांनीं ते वारले. तरीहि कॅलॅहन यांनीं निकाल शिरोधार्य मानला. ३ मे रोजीं निवडणूक झाली. दुसऱ्याच दिवशीं राणी एलिझाबेथ यांनीं मार्गारेट थॅचर यांना पाचारण केलें.

आपल्याकडे राजाच्या जागीं राष्ट्रपति आहेत. पण नियम तोच. १७ एप्रिल १९९९ रोजीं वाजपेयी यांचें सरकारहि २६९ विरुद्ध २७० असें एकाच मतानें पडलें. न तलवार उपसली गेली, न रक्त सांडलें. मतें मोजलीं गेलीं आणि सत्ता हललीं. एका मतानें काय होतें, असें म्हणणाऱ्यांनीं हे दोन दिवस स्मरावे.