‘कमांडो’ विमानाची प्रतिकृति

दुसऱ्या महायुद्धांतील डाकोटा विमानाचे प्रतिकृति-संच पुष्कळ कंपन्यांनीं काढले. परंतु डाकोटाहून मोठें असें जें कर्टिस सी-४६ ‘कमांडो’, त्याचे थोडेच निघाले. १९४३ ते १९४५ या काळांत आसामांतून पर्वतरांगा ओलांडून चीनला युद्धसाहित्य पोंचवितांना या विमानाचे कित्येक वैमानिक परतले नाहींत.

त्याची प्रतिकृति करूं इच्छिणाऱ्या वाचकांस आम्ही दोन गोष्टी सुचवितों. अमेरिकन नौदलानें त्यास ‘आर-५-सी’ म्हटलें. म्हणून त्या नांवानेंही शोध करावा. शिवाय पेटीवरील प्रमाण पाहावें. मूळ पंखविस्तार १०८ फूट. १:७२ प्रमाणांत तो १८ इंच, १:१४४ मध्यें ९ इंच भरतो. विल्यम्स ब्रदर्स कंपनीचा जुना संच १:७२ चा आहे. त्याच प्रमाणाच्या डाकोटाशेजारीं तो मांडला, म्हणजे या विस्मृत विमानाची थोरवी डोळ्यांत भरते.