कूटसूत्राचा अन्वय : इंग्रजी शब्दकोड्यांतील द्व्यर्थी रचनेचा भाषाशास्त्रीय विचार

१. शब्दकोडे हा विरंगुळ्याचा प्रकार मानला जातो, आणि तो तसा आहेही. परंतु इंग्लंडमधील वृत्तपत्रांतून वाढीस लागलेले कूट शब्दकोडे साध्या शब्दकोड्याहून एका महत्त्वाच्या बाबतीत भिन्न आहे. साध्या कोड्यात अर्थ दिलेला असतो व त्या अर्थाचा शब्द शोधावयाचा असतो. तेथे कसोटी लागते ती शब्दसंग्रहाची. कूट कोड्यात एक लहानसे वाक्य अथवा वाक्यखंड दिलेला असतो. त्याचा एक अन्वय उघड असतो व दुसरा झाकलेला असतो, आणि उत्तर निघते ते झाकलेल्या अन्वयातून. तेथे कसोटी लागते ती वाक्य पुन्हा वाचण्याच्या शक्तीची. भाषेच्या अभ्यासकाला या कोड्याविषयी आस्था वाटावी याचे कारण हेच होय. एकाच शब्दमालिकेला दोन व्याकरणशुद्ध अन्वय कोणत्या परिस्थितीत संभवतात, या प्रश्नाचे उत्तर तेथे रोज प्रयोगाने दिले जात असते. प्रस्तुत लेखात अशा सूचक वाक्याला ‘सूत्र’ व ते रचणाऱ्याला ‘कोडेकार’ म्हटले आहे. उदाहरणादाखल दिलेली सूत्रे या लेखासाठीच रचलेली आहेत.

२. आधुनिक शब्दकोड्याचा आरंभ २१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या वृत्तपत्रात आर्थर विन याने छापलेल्या कोड्यापासून मानतात. ते साध्या अर्थाचे होते. कूटरचनेचे वळण त्याला इंग्लंडमध्ये मिळाले. ‘ऑब्झर्व्हर’ या साप्ताहिकात एडवर्ड पॉविस मेदर्स याने १९२६ पासून ‘टॉर्क्वेमादा’ या टोपणनावाने कोडी रचली. लंडनच्या ‘टाइम्स’ने १९३० मध्ये आपले कोडे सुरू केले. टॉर्क्वेमादाच्या मृत्यूनंतर १९३९ मध्ये त्याची जागा डेरिक मॅक्नट याने ‘झिमेनीझ’ या नावाने घेतली व सूत्ररचनेचे नियम काटेकोर केले. त्याचे या विषयावरील पुस्तक १९६६ मध्ये प्रसिद्ध झाले. अलीकडे, २०१४ मध्ये, ‘टाइम्स’ने नेहमीच्या कोड्याच्या जोडीला एक लहान कूट कोडे सुरू केले. मोठ्या कोड्याची चौकट १५ घरे रुंद व तितकीच उंच, तर याची १३ घरांची. शब्द परिचयाचे, सूत्रे आखूड. तथापि व्याकरण दोहोंचे एकच आहे. म्हणून तत्त्व समजून घेण्यास लहान कोडेच सोयीचे.

३. रूढ सूत्राचे दोन भाग असतात. एका भागात उत्तराचा अर्थ सांगितलेला असतो, दुसऱ्यात उत्तराची अक्षरे कशी जुळवावयाची ते सांगितलेले असते. अर्थाचा भाग सूत्राच्या आरंभी किंवा शेवटी असतो, मध्यभागी नसतो. शेवटी कंसात अक्षरसंख्या दिलेली असते. पुढील सूत्र पाहावे :

‘टिन्सल टॉर्न विदाउट अ साउंड’ (६).

उघड अर्थ असा की, बेगड आवाज न होता फाटली. येथे ‘विदाउट अ साउंड’ हे पद ‘टॉर्न’ या क्रियारूपाचे विशेषण आहे, आणि वाचणारा ते सहजच त्याला जोडतो. उत्तरासाठी मात्र हा सांधा तोडावा लागतो. ‘टिन्सल टॉर्न’ एवढा एक खंड. ‘विदाउट अ साउंड’ हा दुसरा. पहिला खंड सांगतो की ‘टिन्सल’ या शब्दाची टी, आय, एन, एस, ई, एल ही सहा अक्षरे फाडा, म्हणजे विस्कटा. दुसरा सांगतो की उत्तराचा अर्थ ‘निःशब्द’ असा आहे. अक्षरे नव्याने लावली की एस, आय, एल, ई, एन, टी म्हणजे ‘सायलेंट’ हा शब्द मिळतो. शब्द एकही बदलला नाही. बदलला तो केवळ पदच्छेद. सूत्र सोडविणे म्हणजे पुष्कळ अंशी उघड अन्वयाने बांधलेली पदे सोडविणे होय.

४. या सूत्रात आणखी एक गोष्ट घडली आहे, आणि ती अधिक मूलगामी आहे. ‘विदाउट अ साउंड’ हे शब्द आपल्या अर्थासाठी आले आहेत. ‘टिन्सल’ हा शब्द मात्र स्वतःच्या रूपासाठी आला आहे. बेगडीशी येथे कर्तव्य नाही, ‘टिन्सल’ या अक्षरसमूहाशी आहे. शब्दाचा हा शब्दपर उपयोग आपल्या व्याकरणपरंपरेला चांगला परिचयाचा आहे. पाणिनीने अष्टाध्यायीच्या पहिल्या अध्यायातील पहिल्या पादाच्या ६८ व्या सूत्रात सांगून ठेवले आहे की, व्याकरणात शब्द आपल्या स्वरूपाचाच बोध करून देतो. अपवाद पारिभाषिक संज्ञांचा. ‘अग्नि’ला अमुक प्रत्यय लावावा असे म्हटले, तर तो प्रत्यय निखाऱ्याला लागत नाही, आणि ‘पावक’, ‘अनल’ या पर्यायशब्दांनाही लागत नाही. ‘अग्नि’ याच शब्दाला लागतो.

कूट कोड्यातील न्याय्यतेचा एक प्रमुख नियम नेमका हाच आहे. समजा, कोडेकाराने ‘टिन्सल’च्या जागी ‘डेकोरेशन’ हा शब्द योजला. मग ‘शोभेची वस्तू’ या अर्थावरून आधी ‘टिन्सल’ हा शब्द ओळखावयाचा आणि मग त्याची अक्षरे विस्कटावयाची, असा दुहेरी व्याप सोडविणाऱ्यावर पडतो. झिमेनीझच्या परंपरेत असे सूत्र त्याज्य ठरते. विस्कटावयाची अक्षरे सूत्रात प्रत्यक्ष दिसली पाहिजेत. पर्यायाने सुचविलेली चालणार नाहीत. ए. एफ. रिची हा ‘ॲफ्रिट’ या नावाने कोडी रचणारा कोडेकार. त्याने १९४९ मध्ये याच न्याय्यतेचे व्यापक तत्त्व मांडले. त्याचा आशय असा की, वरकरणी अर्थाने फसविण्याची मुभा कोडेकाराला आहे, परंतु त्याचे शब्द काटेकोरपणे वाचले असता त्याला अभिप्रेत असलेले उत्तर त्यांतून निघालेच पाहिजे. दिशाभूल अर्थाची चालेल. व्याकरणाची चालणार नाही.

५. आता पुनर्वाचनाचे आणखी काही प्रकार पाहू.

‘सम एन्शंट एम्परर्स मूड’ (६). उघड अर्थ : कोणा प्राचीन सम्राटाची मनःस्थिती. कूट अर्थ : ‘एन्शंट एम्परर’ या अक्षरमालिकेतील ‘सम’, म्हणजे काही अंश, हा ‘मूड’ आहे. पहिल्या शब्दाचे शेवटचे अक्षर टी आणि दुसऱ्याची पहिली पाच अक्षरे मिळून ‘टेंपर’ हा शब्द होतो. येथे लक्षणीय आहे तो ‘एम्परर्स’मधील अंत्य एस. उघड अन्वयात तो षष्ठीचा प्रत्यय आहे. कूट अन्वयात तो ‘इज’ या क्रियापदाचा संक्षेप आहे. संबंधवाचक प्रत्यय आणि अस्तिवाचक क्रियापद या दोन दूरच्या व्याकरणिक कोटी इंग्रजीत एका अक्षरात एकत्र आल्या आहेत, म्हणूनच हे सूत्र शक्य झाले.

‘जस्ट अ व्हिलेज मार्केट’ (४). उघड अर्थ : केवळ एक गावचा बाजार. येथे जुळणीचा भाग नाही, दोन अर्थ शेजारी ठेवले आहेत. ‘जस्ट’ हे ‘केवळ’ या अर्थाचे अव्यय नसून ‘न्याय्य’ या अर्थाचे विशेषण आहे. ‘अ व्हिलेज मार्केट’ म्हणजे जत्रेचा बाजार. दोहोंस एकच शब्द : ‘फेअर’.

‘सेरिमनी पुट डाउन ऑन पेपर, दे से’ (४). उघड अर्थ : कागदावर उतरविलेला विधी, असे म्हणतात. कूट वाचनात ‘दे से’ हे उच्चारसाम्याचे चिन्ह आहे. ‘कागदावर उतरविणे’ म्हणजे ‘राइट’; त्याच उच्चाराचा, पण निराळ्या लेखनाचा ‘विधी’ या अर्थाचा शब्द हे उत्तर. ‘पुट’ हे रूप उघड वाचनात कर्मणी धातुसाधित आहे, कूट वाचनात मूळ धातू आहे. दोन्ही रूपे समान नसती, तर हे सूत्र कोसळले असते.

‘मोटर बाय फेव्हरिट रग’ (६). उघड अर्थ : आवडत्या गालिच्याजवळील मोटार. कूट वाचनात ‘फेव्हरिट’ हे ‘रग’चे विशेषण नसून ‘लाडका’ या अर्थाचे नाम, म्हणजे ‘पेट’, आहे. ‘कार’ या शब्दाशेजारी ‘पेट’ ठेवला की ‘कार्पेट’ होतो. व्युत्पत्तीच्या दृष्टीने ‘कार्पेट’चा या दोन्ही शब्दांशी संबंध नाही. कोड्यातील तोड ही रूपघटकांची तोड नव्हे. ती केवळ लेखनाची तोड आहे.

या चारही उदाहरणांत एक समान सूत्र दिसून येईल. इंग्रजीत शब्दाची जाती व त्याचे वाक्यातील कार्य त्याच्या रूपावर क्वचितच उमटलेले असते. ते स्थानावरून ठरते. स्थानाचा अर्थ बदलला की शब्दाची जातीही बदलते. कूट सूत्राचे खरे भांडवल हे रूपदारिद्र्य होय.

६. आपल्या साहित्यशास्त्राला हा विचार अपरिचित नाही. शब्द न तोडता दोन अर्थ देणारा अभंगश्लेष आणि निराळ्या ठिकाणी तोडून दुसरा अर्थ देणारा सभंगश्लेष यांचे ‘फेअर’ व ‘कार्पेट’ या सूत्रांशी असलेले साम्य उघड आहे. दंडीने काव्यादर्शाच्या तिसऱ्या परिच्छेदात प्रहेलिकांचे १६ प्रकार वर्णिले आहेत. त्यांतील ‘समागता’ ही पदसंधीमुळे अर्थ झाकते, तर ‘वंचिता’ ही अन्य अर्थी रूढ असलेल्या शब्दाने फसविते. विशेष म्हणजे पूर्वाचार्यांनी आणखी १४ दुष्ट प्रहेलिका सांगितल्याचाही तो उल्लेख करतो. कोड्यालाही गुणदोष असतात व वाचकाला फसविण्याच्या कलेलाही मर्यादा असते, ही जाणीव तेथे स्पष्ट आहे. मात्र साम्यावरून परस्परसंबंध मानण्याचे कारण नाही. इंग्रजी कोडे स्वतंत्रपणेच वाढले.

७. मग मराठीत असे सूत्र रचता येईल काय? आपल्या नियतकालिकांतील शब्दकोडी बहुतांशी पर्यायशब्दांवर चालतात, आणि त्यावरून मराठी ही कूटरचनेस प्रतिकूल भाषा आहे असा समज होणे शक्य आहे. तो तपासून पाहणे अगत्याचे आहे.

पहिला प्रश्न घटकाचा. इंग्रजी कोड्याच्या घरात एक वर्णचिन्ह बसते; मराठी कोड्याच्या घरात स्वरचिन्हासह किंवा जोडाक्षरासह संपूर्ण अक्षर बसते. ‘उलटलेली नदी लाचार’ (२) या सूत्राचे उत्तर ‘दीन’. येथे उलटली आहेत ती ‘न’ आणि ‘दी’ ही अक्षरे. वर्णच उलटले असते, तर ‘ईदन्’ असा निरर्थक समूह हाती आला असता. अर्थात् मराठी कोड्याच्या दृष्टीने अविभाज्य घटक अक्षर हा आहे, वर्ण नव्हे. तसेच ‘उलटलेली’ हे रूप लिंगाने ‘नदी’शी बांधलेले आहे, क्रिया कोणावर करावयाची याविषयी इंग्रजीत राहणारी संदिग्धता येथे राहत नाही.

दुसरा प्रश्न सामान्यरूपाचा, आणि अडचण खरी येथे आहे. ‘सुंदर वाटीत शिऱ्याचा जिन्नस’ (२) हे सूत्र घ्यावे. ‘सुंदर वाटी’ या अक्षरमालिकेत, म्हणजे ‘र’ आणि ‘वा’ या लागोपाठच्या अक्षरांत, ‘रवा’ दडलेला आहे, आणि सप्तमीचा ‘त’ हा प्रत्ययच तो ‘आत’ असल्याचे सांगतो. हे साधले, कारण ‘वाटी’चे सामान्यरूप ‘वाटी’ असेच राहते. त्या जागी ‘डबा’ असता, तर ‘डब्यात’ या रूपात ‘बा’चा ‘ब्या’ झाला असता आणि शब्दपर उपयोगासाठी लागणारे मूळ स्वरूपच नष्ट झाले असते. विभक्ती लागण्यापूर्वीच शब्द आपले रूप बदलतो. म्हणून मराठी कोडेकाराला ज्यांचे सामान्यरूप मूळ रूपासारखेच राहते असे शब्द निवडावे लागतात. पाणिनीच्या नियमाची आवश्यकता येथे प्रत्यक्ष अनुभवास येते.

उच्चारसाम्याची सूत्रेही आपल्याकडे थोडी. देवनागरी लेखन उच्चारास बरेच जवळचे असल्याने ‘दिन’ व ‘दीन’ यांसारख्या, ह्रस्वदीर्घाचा भेद बोलताना पुष्कळदा पुसट होणाऱ्या जोड्यांवरच भिस्त ठेवावी लागते.

याची भरपाई होते ती शब्दसंग्रहात. ‘वेगवान मेघ’ (३) याचे उत्तर ‘जलद’. एक ‘जलद’ संस्कृत, जल देणारा. दुसरा फारसी ‘जल्द’पासून आलेला. दोन भिन्न कुळांतील शब्द मराठीत येऊन एकरूप झाले आहेत. अनेक भाषांचे संस्कार झालेल्या मराठीत अशी समरूपे मिळण्यास वाव आहे, आणि त्यांचा पद्धतशीर संग्रह हा पदव्युत्तर विद्यार्थ्यांना हाती घेण्याजोगा विषय आहे.

८. सारांश असा : इंग्रजीत संदिग्धता प्रामुख्याने वाक्यरचनेत वास करते, मराठीत ती प्रामुख्याने शब्दकोशात व पदच्छेदात वास करते. म्हणून इंग्रजी सूत्रांचे भाषांतर करून मराठी कूट कोडे निर्माण होणार नाही. ते मराठीच्या स्वतःच्या संदिग्धतेतूनच निर्माण करावे लागेल. कोणत्याही भाषेचे व्याकरण आपण बहुधा तिच्यातील निश्चित रूपांवरून शिकवितो. ती कोठे अनिश्चित राहते, आणि भाषक ती अनिश्चितता एका क्षणात कशी दूर करतो, याचाही अभ्यास तितकाच आवश्यक आहे. त्या अभ्यासाला कूट सूत्र हे छोटे परंतु अचूक साधन आहे. सोडविणाऱ्याला जो क्षणभर अडवितो, तो अन्वयच त्याला एरवी न जाणवता रोज वाट दाखवीत असतो.